प्रार्थनेची दहा मिनिटे

प्रार्थना बंद करून तो वेळ जादा तासास द्यावा, अशी काही पालकांची सूचना आहे. आम्हांस ती पटत नाही. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे क्वेकर पंथीयांची बूथम ही खासगी शाळा १८२३ पासून आहे. तेथे सारे एकत्र मौन बसतात. 'आपण एका मोठ्या देहाचे अवयव आहोत' हे तिचे ब्रीद. तेथील विद्यार्थी फिलिप नोएल-बेकर यांनी १९२० च्या ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत रौप्यपदक, तर १९५९ मध्ये शांततेचे नोबेल मिळवले. मौनाने त्यांची महत्त्वाकांक्षा खुंटली नाही. त्या शाळेचे शुल्क सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे. आपली प्रार्थना मात्र सर्वांना विनामूल्य आहे. विद्यार्थ्यांनो, गुण अवश्य मिळवा; पण ते कोणाच्या कामी यावेत, याचा विचार रोज दहा मिनिटे तरी व्हावा.