फवारणी झाली, डास मेला काय?

पावसाचा जोर ओसरला की तापी, गिरणा व पांझरा यांच्या काठांवरील डबक्यांत आणि पाटांत एक डास वाढू लागतो. शास्त्रज्ञ त्यास ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस म्हणतात. गुरांचा गोठा हे त्याचे विश्रांतिस्थान. आणि ग्रामीण भारतातील हिवतापाचा प्रमुख वाहक ही त्याची कुप्रसिद्धी. फवारणीचा पंप घरोघर फिरला, भिंतींवर औषधाचे डाग उमटले, की जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतील हिवतापाचा बंदोबस्त झाला, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतिहासाची साक्ष पाहावी. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाकाठी साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडतात व आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. डीडीटीच्या बळावर १९६५ साली रुग्णांची नोंद एक लाखापर्यंत उतरली. विजयाचे नगारे वाजले. आणि १९७६ साली तीच नोंद चौसष्ट लाखांवर गेली! ढिलाई व पैशाची चणचण ही कारणे होतीच. परंतु डासही बदलला होता. खानदेश ज्यात मोडत होता त्या तत्कालीन मुंबई राज्यात १९५८-५९ सालीच या डासाने डिल्ड्रिन व डीडीटी यांना दाद न देण्याची चिन्हे दाखविली होती. पुढे मॅलेथिऑन आणले. तेही गुजरातेत १९७३ साली व नंतर महाराष्ट्रात निष्प्रभ होऊ लागले. २००२ साली खानदेशच्या सीमेला भिडलेल्या सुरत जिल्ह्यातून पायरेथ्रॉइड औषधांनाही प्रतिकार होत असल्याचे वृत्त आले.

यात चमत्कार काहीच नाही. असंख्य डासांत एखादा जन्मतःच औषध पचविणारा असतो. इतर मरतात, तो उरतो, आणि पुढची प्रजा त्याचीच होते. कपाशीवर फवारलेले कीटकनाशक वाहून डबक्यांत उतरते, तेव्हा तर डासाच्या अळीची विषाशी ओळख बालपणीच होते. शेतकी खाते व आरोग्य खाते यांची शस्त्रे एकाच जातीची असतील, तर दोघांनी एकत्र बसूनच ती वापरली पाहिजेत.

उपाय अशक्य कोटीतला नाही. औषध लावलेल्या कागदाच्या नळीत डास तासभर ठेवावयाचे आणि चोवीस तासांनी मेलेले मोजावयाचे. शंभरात नव्वदांहून कमी मेले तर प्रतिकार सिद्ध झाला. ही चाचणी प्रत्येक तालुक्यात फवारणीपूर्वी व्हावी, तिचा निष्कर्ष जाहीर व्हावा आणि त्यानुसार औषध बदलावे. जोडीला मच्छरदाण्या, गप्पी मासे व तुंबलेल्या पाण्याचा निचरा हवाच.

नवी औषधे महाग आहेत, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु ज्या औषधाने डास मरत नाही ते सर्वांत महाग; कारण त्यात पैसा जातो आणि शत्रू पोसला जातो. त्याची किंमत शहरातील आपण सुशिक्षित फारशी मोजत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा मजूर ऐन हंगामात हुडहुडी भरून अंथरुणाला खिळतो, तेव्हा बुडालेल्या मजुरीतून तो ती मोजतो.

२०३० पर्यंत हिवतापाचे उच्चाटन करण्याचा राष्ट्राचा संकल्प आहे. तो सिद्धीस जावयाचा असेल तर किती भिंती फवारल्या, हा हिशेब पुरे झाला. किती डास मेले, त्याचा हिशेब सरकारने द्यावा. आणि तो मागण्याचे कर्तव्य नागरिकांनी टाळू नये.