टेन्शन घेऊ नका म्हणे!

"टेन्शन घेऊ नका. योगा करा. कॉफी कमी करा." तीन वर्षं, चार डॉक्टर, आणि सगळ्यांचं पालुपद एकच. आयटीवाला म्हटलं की निदान बहुधा केबिनच्या दारातच होत असावं.

व्हायचं असं, की कधी मीटिंगमध्ये, तर कधी रविवारी निवांत पेपर वाचताना छातीत एकदम धडधड सुरू. बटण दाबल्यासारखी! मिनिटाला १८०-१९० ठोके. वीसेक मिनिटांनी तशीच खटकन बंद. दवाखान्यात पोचेपर्यंत मी ठणठणीत आणि ईसीजी नॉर्मल. की लागला शिक्का: टेन्शन.

आता मला सांगा, टेस्टरनं टाकलेला बग आपल्या मशीनवर दिसला नाही, म्हणून 'टेस्टर घाबरट आहे' असं लिहून तो क्लोज करणारा डेव्हलपर किती दिवस टिकेल? बिघाड चालू असतानाचा लॉग बघायचा असतो ना राव!

शेवटी एकदा धडधड चालू असतानाच कॅज्युअल्टी गाठली. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी ईसीजी काढला, प्रश्न नंतर विचारले. निदान: पीएसव्हीटी. हृदयात विजेच्या सिग्नलला एक जादा वाट असते. त्या वाटेनं सिग्नल मागे फिरतो आणि गोल गोल फिरतच राहतो. चक्क इन्फिनिट लूप!

बाई म्हणाल्या, "या सिरिंजमध्ये फुंका, दट्ट्या हलेल इतकं जोरात." पंधरा सेकंदांनी मला आडवं करून पाय वर उचलले. २०१५ साली इंग्लंडमध्ये या पद्धतीची चाचणी झाली होती. नुसतं फुंकून १७ टक्के लोकांची लय ताळ्यावर आली, असे पाय उचलून ४३ टक्क्यांची. माझी नाही आली. मग शिरेतून ६ मिलिग्रॅम अ‍ॅडेनोसिन. काही सेकंद जीव बुडाल्यासारखं वाटलं, आणि मॉनिटरवर ८४!

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. १९९७ च्या एका अमेरिकन अभ्यासात अशा १०७ रुग्णांपैकी ५५ टक्क्यांचं निदान पहिल्या तपासणीत हुकलं होतं. त्यातही 'हे मनाचं आहे' असं ऐकावं लागलेल्या बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट. आपल्याकडे किती आया-बहिणी 'हिला सवयच आहे' ऐकत बसल्या असतील, देव जाणे.

ओपीडीतली गर्दी मला दिसते. पॅनिक अटॅक खरा असतो, हेही मान्य. पण तोसुद्धा तपासून ठरवा, पेशा विचारून नको. वारंवार होत असेल तर होल्टर लावा. आणि जांघेतल्या शिरेतून तार घालून ती जादा वाट जाळता येते, बहुतेकांचा त्रास कायमचा जातो, एवढं तरी सांगा.

आणि मित्रांनो, धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल, तर ती चालू असतानाच ईसीजी काढा. मनगटावरच्या घड्याळात सोय असेल तर तीही वापरा, आणि तो आलेख डॉक्टरांना दाखवा. चक्कर, छातीत दुखणं, दम लागणं असेल तर मात्र प्रयोग नकोत, थेट हॉस्पिटल.

असो. माझी वाट मार्चमध्ये जाळून झाली. डेडलाईन आहेत, मॅनेजर तोच आहे, कॉफीही चालू आहे. धडधड तेवढी गेली. आता बोला, टेन्शन होतं?