ड्रॅगनचा सोस आणि चौथ्या टर्नचं मरण

रायपुरात कंट्रोल डेक हरतात ते पत्ते वाईट आले म्हणून नव्हे. क्रीचर निवडताना अक्कल गहाण टाकलेली असते म्हणून हरतात. चौबे कॉलनीपासून तेलीबांध्यापर्यंत मॅजिक : द गॅदरिंग खेळणारी आमची मोजकी मंडळी. त्यातला दर दुसरा स्वतःला कंट्रोलवाला म्हणवतो, आणि डेक उघडला की आत सहा-सहा मानाचे ड्रॅगन. पंगतीत वाढपी दोन आणि मानकरी वीस, अशी ती अवस्था. मला याची चीड येते, कारण या खेळातला सगळ्यात विचारी प्रकार आपण हौसेपायी मातीत घालतो आहोत.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ 1993 मध्ये बाजारात आला. किमान साठ पत्त्यांचा डेक, प्रत्येकाला वीस लाइफ, दर टर्नला फार तर एक लँड, आणि लँडमधून मिळणाऱ्या मानावर, म्हणजे पत्ते खेळायच्या शक्तीवर, बाकी सगळं. कंट्रोल डेक समोरच्याचा प्रत्येक डाव रोखतो, मारतो, रद्द करतो. समोरचा थकला की मग सावकाश जिंकतो. जिंकायला एक-दोन क्रीचर, म्हणजे लढणारे पत्ते, पुरतात.

हे आज कुणी शोधून काढलेलं नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ब्रायन वाइसमनचा ‘द डेक’ गाजला, त्यात जिंकण्यासाठी सेरा एंजल होत्या अवघ्या दोन. बाकीचा डेक रोखण्यात गुंतलेला. समोरच्याच्या हातात क्रीचर मारायचे पत्ते असायचे, पण मारायला समोर काही नसायचंच, त्यामुळे ते पत्ते हातातच कुजायचे. तुम्ही एकही पत्ता खर्च न करता त्याचे तीन-चार पत्ते निकामी झालेले असतात. आणि आपले वीर तिसऱ्या टर्नला कुठलंसं मधल्या अंगाचं क्रीचर टेबलावर ठेवून त्याच पत्त्यांना जीवदान देतात! वर स्वतःच रॅथ ऑफ गॉड खेळून टेबलावरची सगळी क्रीचर साफ करतात, त्यात आपलंही गेलं म्हणून हळहळतात. साफ करायचंच होतं तर ते ठेवलं कशाला?

मग कंट्रोलमध्ये कुठलं क्रीचर घ्यावं? माझ्या लेखी दोनच जातींना प्रवेश आहे. पहिली, उतरताक्षणी आपली किंमत वसूल करणारी. वॉल ऑफ ओमेन्स घ्या. दोन मानाची भिंत, ताकद शून्य, टफनेस चार. हल्ला करता येत नाही, म्हणून आमची पोरं तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. पण ती उतरली की एक पत्ता हातात येतो. समोर लाल डेक आहे, पहिल्या टर्नला गॉब्लिन गाइड धावून आलाय, दोन डॅमेज बसलेत. दुसऱ्या टर्नला तुम्ही भिंत उभी केलीत की गाइड तिच्यापुढे अडतो. लाइटनिंग बोल्ट करतो तीन डॅमेज, भिंतीचा टफनेस चार. एका बोल्टने ती पडत नाही. हल्ल्यात भिडवून वर बोल्ट टाकला तर पडेल, पण मग तो बोल्ट तुमच्या तोंडावर आला नाही आणि तुमचा पत्ता तर आधीच हातात आलेला आहे. तिच्या मरण्याने तुमचं काडीचं नुकसान होत नाही. तीन आणि चार यांतला हा फरक ज्याला दिसत नाही, त्याने कंट्रोलच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी जात फिनिशरची, म्हणजे खेळ संपवणाऱ्या क्रीचरची, आणि खरा घोळ इथेच आहे. चांगला फिनिशर स्वतःला वाचवतो किंवा येतानाच काम उरकतो. 1998 चा मॉर्फलिंग पाच मानाचा, पण जाणता खेळाडू सहाव्या लँडची वाट पाहायचा. एक निळा माना राखला की त्याच्यावर कुणी नेम धरला तरी तो निसटतो. 2016 च्या कलादेश या संचातला टॉरेन्शियल गिअरहल्क घ्या. भारतावरून बेतलेल्या त्या जगातलं सगळ्यात उपयोगी यंत्र मला हेच वाटतं. समोरच्याच्या टर्नमध्ये उतरवता येतं, येताना ग्रेव्हयार्डमधला, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांतला, एक इन्स्टंट फुकट खेळवतं, आणि तुमच्या टर्नला सगळे लँड पुन्हा मोकळे. त्याला लगेच मारलं तरी अर्धं काम झालेलं असतं.

आता बेनस्लेअर एंजल. पाच मानाची, पाच बाय पाच, उडते, लाइफ वाढवते. पत्ता जबरदस्त आहे, वाद नाही. पण एका मानाच्या सोर्ड्स टू प्लाउशेअर्सने ती गेली की तुमचा अख्खा टर्न गेला आणि पदरात पडलं थोडंसं लाइफ. पहिल्या गेममध्ये तिला डेकमध्ये ठेवणं हा निव्वळ हट्ट आहे. तिची जागा साइडबोर्डच्या, म्हणजे दोन गेमच्या मध्ये बदलता येणाऱ्या, पंधरा पत्त्यांत. तुमच्याकडे क्रीचर नाहीत हे पाहून समोरचा दुसऱ्या गेमला आपले मारायचे पत्ते काढून ठेवतो, तेव्हा तिला आत आणा. त्या वेळी ती एकटी गेम मारते. पत्ता तोच, पण वेळ कळायला डोकं लागतं.

“दादा, पण वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या लिस्टमध्ये तर ड्रॅगन होता,” असं मला ऐकवलं जातं. असेल. तो खेळाडू तिथे ज्यांच्याशी भिडणार होता त्यांचा हिशेब करून आला होता. तुम्ही कुणाशी भिडणार आहात? त्याच ओळखीच्या चेहऱ्यांशी, ज्यांचे डेक तुम्हाला तोंडपाठ आहेत! आमच्याकडे लाल डेक जास्त, कारण ते स्वस्तात बांधून होतात. मोठ्या शहरातल्या खेळाडूला समोर कोण येईल याचा अंदाज बांधावा लागतो, आपल्याला तो आयता मिळतो. छोट्या वर्तुळात खेळण्याचा हा एवढा मोठा फायदा, आणि तो लाथाडून आपण परक्या टेबलासाठी लिहिलेली यादी जशीच्या तशी उतरवतो. ही आळशीपणाची हद्द झाली. लाल डेक चौथ्या-पाचव्या टर्नला खेळ संपवायला बघतो. सहाव्या लँडवर उतरणारे तीन ड्रॅगन तेव्हा हातात निरुपयोगी पडून असतात.

ड्रॅगन काढा. चार भिंती घाला, वर फिनिशर एक, फार तर दोन. आणि ज्याला हे पटत नाही त्याने आपला ड्रॅगनवाला डेक घेऊन लाल डेकसमोर बसावं, आणि हरताना हातातले पत्ते सगळ्यांसमोर टेबलावर उघडे मांडावेत.