आधी कोणता पाय?

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते पूजेला बसले होते. डाव्या हातातली घंटा गळून पडली आणि बघता बघता डावी बाजू लुळी झाली. अकराव्या दिवशी त्यांना रुग्णालयातून घरी आणले, तोच सल्ल्यांचा पूर लोटला. कुणी तेल सुचवले, कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले. (कबुतराला मात्र आम्ही अभय दिले.) सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत, "पुन्हा चालतील ना हो?"

फिजिओथेरपिस्ट मुलगी आली ती पहिल्याच दिवशी माझ्यावर रागावली. मी अण्णांना उठवताना लुळा हात धरून ओढत होते. त्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, ओढले की सांधा जागचा सरकतो. "हाताला नाही काकू, कमरेला धरा," ती म्हणाली. तोवर व्हायचे ते झाले होते. अण्णांचा खांदा पुढे चार महिने ठणकत होता. तुमच्या घरी असे आजारपण असेल, तर निदान ही चूक करू नका.

तिने समजावले की बिघाड पायात नसतो, मेंदूतून पायापर्यंत हुकूम पोहोचत नाही. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही, पण उरलेले भाग त्याचे काही काम शिकून घेऊ शकतात. त्यासाठी तीच हालचाल रुग्णाने स्वतः शेकडो वेळा करावी लागते. नुसत्या मालिशीत चोळणारा दमतो आणि रुग्णाचा मेंदू आराम करतो! मालिशीने बरे वाटते, पण चाल येत नाही.

आधी कुशीवर वळणे, मग पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसणे, मग खुर्चीवरून उठणे. "चालायला शिकवायचं सोडून ही उठाबशाच काढायला लावते," सासूबाई कुरकुरत. पण पायावर भार पेलल्याशिवाय पाऊल कुठून पडणार? अण्णांचे पाऊल लोंबे, बोटे फरशीला घासत, म्हणून पाय बाहेरून अर्धवर्तुळ काढत पुढे येई. घोट्याला हलकी प्लास्टिकची पट्टी बांधल्यावर ते बरेच सुधारले. हाताला थोडी पकड येताच अण्णांनी काठी डाव्या हातात घेतली. लुळ्या बाजूलाच आधार हवा, असे आपल्याला वाटते. खरे तर काठी चांगल्या हातात हवी, म्हणजे लुळ्या पायावर भार येतो तेव्हा तो काठीशी वाटला जातो.

मधल्या काळात माझे यजमान कर्ज काढून मोठ्या शहरातल्या एका केंद्रात जायला निघाले होते. तिथे रुग्णाला पट्ट्यांनी टांगून यंत्रावर चालवतात. मग त्यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाची माहिती वाचली. त्यात ४०८ रुग्ण होते. काहींना दोन महिन्यांनी आणि काहींना सहा महिन्यांनी यंत्रावर चालवले, तर काहींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. वर्षअखेर तिन्ही गट सारखेच होते. एकूण ५२ टक्के रुग्णांची चाल सुधारली होती. सहा महिने उलटले की सारे संपले, ही समजूतही त्यातून खोटी ठरते. सुरुवातीचे महिने मोलाचे असतात, एवढे खरे.

म्हणून घरच्यांनीच सगळे करावे, असे मात्र नाही. आपल्याच देशात १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून पाहिले होते. २०१७ साली निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांपेक्षा सहा महिन्यांनी काही फरक दिसला नाही. हे वाचून मी खट्टू झाले. पण आठवड्यातून दोनदा का होईना, जाणकाराने येऊन व्यायाम एक पायरी वर नेला पाहिजे, असा अर्थ मी त्यातून घेतला. आम्ही कर्ज काढले नाही, त्या मुलीलाच वर्षभर बोलावले.

सातव्या महिन्यात अण्णा दिवाणखान्यातून देवघरापर्यंत काठीने चालत गेले. वाटेतल्या सतरंज्या आम्ही केव्हाच उचलल्या होत्या. पूजा आता खुर्चीवर बसून होते आणि घंटा सासूबाई वाजवतात. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना लुळा, हे अण्णांना शंभरदा सांगून झाले आहे. तरी देवघराच्या उंच उंबऱ्यापाशी ते रोज थबकतात, "आधी कोणता गं?" म्हणून विचारतात आणि सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडतात, "उजवा, उजवा!"