पिकअपला मोठे टायर, वाढीव पाटे: यवतमाळच्या चिखलात गाडी खरंच किती उचलते?

मागे एक जादा पाटा, पुढे स्पेसर, चारही बाजूंना जाडजूड टायर आणि पिकअप चिखलातून झपकन बाहेर. असे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. खाली कमेंट ठरलेली असते : ‘भाऊ, खर्च किती?’

खर्चाचा आकडा कोणताही गॅरेजवाला सांगेल. पण या बदलाने गाडी नेमकी किती उंच होते, ब्रेकचं काय होतं आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, हे रीलमध्ये सांगत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात पिकअपवर अनेक घरं चालतात. त्यामुळे हा हिशेब आधी समजून घेऊ.

गाडी उचलावीशी वाटते कशामुळे?

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. इथली काळी माती ओली झाली की फुगते, चाकाला चिकटते आणि टायरच्या खाचा बुजवून टाकते. वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा पांदण रस्ता पावसाळ्यात दलदल होतो. परतीचा पाऊस लांबला की ऐन वेचणीच्या दिवसांतही तेच हाल. त्यातून राळेगाव, पांढरकवडा किंवा वणीच्या बाजारात कापूस न्यायचा असतो. वणी भागात कोळशाच्या जड गाड्यांनी उखडलेले रस्ते वेगळेच.

अशा वेळी ‘गाडी थोडी उंच असती तर’ असं वाटणं साहजिक आहे. गरज खरी आहे. प्रश्न उपायाचा आहे.

उंचीचं गणित

इथे दोन वेगळ्या उंची आहेत आणि त्यांचीच सगळ्यात जास्त गल्लत होते.

पाटे वाढवले किंवा ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा टाकला की चेसिस आणि बॉडी वर जाते. पण मागचा ॲक्सल आणि त्याच्या मधोमध असलेला डिफरेन्शियलचा गोळा जिथे होता तिथेच राहतो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर घासतो, अडकतो तो हाच गोळा. तो वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो.

मग मोठा टायर किती फरक पाडतो? समजा गाडीला २१५/७५ आर १५ टायर आहेत. त्यांचा व्यास साधारण ७०३ मिलीमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ बसवले तर व्यास होतो सुमारे ७३३. वाढ ३० मिलीमीटरची, पण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असल्याने तो वर जातो फक्त निम्मा, म्हणजे १५ मिलीमीटर. दीड सेंटीमीटर.

आणि या दीड सेंटीमीटरची किंमतही आहे. व्यास सुमारे ४ टक्के वाढला की चाकावरची ओढ तेवढीच कमी होते. भरलेली गाडी चढावर लवकर खालचा गिअर मागते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ६२-६३ ने धावत असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून ॲव्हरेज आहे त्यापेक्षा कमी दिसतं. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी लागते, म्हणजे टायर चार नाही, पाच. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासत असेल तर पुढची कापाकापी आलीच.

शिवाय मोठा टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर, असंही नाही. टायरवर लोड इंडेक्स छापलेला असतो. १०० हा आकडा म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो. दिसायला रुंद असलेला जीपचा टायर मालवाहू गाडीच्या मूळ टायरपेक्षा कमी वजनाचा निघू शकतो.

स्वस्त लिफ्ट आणि ब्रेक

गॅरेजमध्ये कमी खर्चात गाडी उचलण्याचे ठरलेले मार्ग आहेत : एक-दोन जादा पाटे, लांब शॅकल, लांब यू-बोल्ट लावून ठोकळा आणि पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर. उंची बदलली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. चाक खाली लोंबलं की ब्रेकचा लवचिक पाइप ताणला जातो.

यापेक्षा गंभीर गोष्ट सहसा दिसत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि ॲक्सलमधलं अंतर पाहून गाडी भरलेली आहे की रिकामी, हे तो ठरवतो. अंतर कमी असेल तर गाडी भरलेली, म्हणून मागच्या ब्रेकला जास्त दाब. अंतर जास्त असेल तर गाडी रिकामी, म्हणून कमी दाब.

आता पाटे वाढवून ते अंतर कायमचं वाढवलं तर? भरलेली गाडीसुद्धा त्या व्हॉल्व्हला हलकी वाटते आणि गरज असते तेव्हाच मागचे ब्रेक कमी लागतात. व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घेतला नाही, तर पुसद-उमरखेडकडच्या उतारावर हा फरक जिवावर बेतू शकतो.

कापूस आधीच उंच, त्यात गाडी उंच

कापूस जागा खाणारा माल. फाळक्यांच्या वर रचलेला कापूस गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर नेतो. गाडी किती सहज उलटेल याचं एक सोपं सूत्र आहे : डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं निम्मं भागिले गुरुत्वमध्याची उंची. अमेरिकेची वाहन सुरक्षा संस्था गाड्यांना उलटण्याच्या धोक्याचं मानांकन देताना याच गुणोत्तराचा आधार घेते. आकडा जितका कमी, तितका धोका जास्त.

उदाहरणादाखल चाकांमधलं अंतर १४० सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य ९० सेंटीमीटरवर धरू. आकडा येतो ०.७८. गाडी ६ सेंटीमीटर उचलली की तो ०.७३ वर येतो. वळणावर अचानक स्टिअरिंग मारावं लागलं तर हा फरक कळतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किटसारख्या बदलांना अटींसह मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हाच मुद्दा ठामपणे मांडला. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘टायर तर बदलतोय, त्यात काय?’ असं वाटेल. पण मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरची संख्या, प्रकार, आकार आणि ॲक्सलनिहाय वजन यांचाही तपशील असतो. फिटनेस तपासणी पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. म्हणजे बदल कधी ना कधी समोर येणारच.

दुसरा गैरसमज वजनाचा. पाटा वाढवला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. १.७ टनांची गाडी म्हणजे १७ क्विंटल, मग पाटे कितीही असोत. जादा वजनासाठी कायद्यात २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे.

विम्याचं काय?

बदल कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कमी होऊ शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो.

याहून मोठा धोका माणसांचा आहे. वेचणीच्या हंगामात मजूर बायांना पिकअपच्या मागे बसवून नेणं सर्रास चालतं. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बलजित कौर प्रकरणात स्पष्ट केलं. त्या प्रकरणात कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. शेवटी बोजा मालकावरच. उंच केलेली, ब्रेक बिघडलेली गाडी आणि मागे दहा-बारा जणी, यात जीव त्यांचा जातो आणि मालकाच्या घरावर कर्ज येतं.

मग चिखलातून निघायचं कसं?

- मागच्या चाकांना त्याच मापाचे पण खोल खाचांचे लग टायर घ्या. काळ्या मातीत मापापेक्षा पकड कामी येते.
- माप बदलायचंच असेल तर मॅन्युअलमध्ये किंवा दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी मान्य केलेली मापं पाहा. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको.
- गाडी मागून बसली असेल तर थकलेले पाटे बदलून मूळ उंची परत मिळवा. दुरुस्ती वेगळी, लिफ्ट वेगळी.
- कोणताही बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. गॅरेजवाल्याचं ‘काही होत नाही’ दाव्याच्या वेळी चालत नाही.
- नवी गाडी घेताय आणि रस्ता रोजचाच चिखलाचा आहे? मग कंपनीकडूनच येणारा फोर बाय फोर पर्याय पाहा. त्याची चाचणी आणि नोंदणी आधीच झालेली असते.

आणि एक उपाय गॅरेजबाहेरचा. पांदण रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. तुमच्या गावचा रस्ता आराखड्यात आहे का, हे ग्रामसभेत विचारता येतं. टायर बदलून दीड सेंटीमीटर मिळतो, तोही एकाच गाडीला. रस्त्यावर मुरूम पडला तर बैलगाडीपासून ॲम्ब्युलन्सपर्यंत सगळ्यांचीच वाट मोकळी होते.