गोऱ्हा आणि मुलगी



गाय व्याली की गोठ्यात पहिला प्रश्न, "काय झालं?" कालवड म्हटलं की आनंद, गोऱ्हा म्हटलं की तोंड पडतं. त्याच घरात सून बाळंत झाली की प्रश्न तोच, पण तोंड पडतं मुलीला. गोठा आणि घर यांच्यात भिंत असली तरी हिशेब एकच आहे. ज्याच्यापासून पैसा, त्याने जगावे.

आमच्या कोल्हारच्या बाजूला प्रवरेचं पाणी. लोणीला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस आला, वाढे आले आणि पुढे संकरित गाय दावणीला आली. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल व्हायचा. ट्रॅक्टरने बैलाचं काम नेलं, आणि संकरित गोऱ्ह्याला वशिंडही धड नसतं, त्यावर जू काय ठरणार? गाय कापायला 1976 च्या कायद्यानेच बंदी होती. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायद्याने सुरी अडवली, पण गोऱ्ह्याला दूध कोण पाजणार हे लिहिलं नाही. मग दोन घोट पाजून त्याला कोपऱ्यात बांधतात, नाहीतर रात्री रस्त्याला सोडतात. गोमातेच्या नावाने घोषणा देणारे तिच्या लेकराच्या वाट्याचं अर्धा लिटर दूध सोडायला तयार नाहीत, हे मी स्पष्टच लिहितो.

आता तर कालवडच व्हावी असं निवडलेलं वीर्य मिळतं. शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात, आणि सरकार त्याला मदत देतं. माणसांत हीच निवड गुन्हा आहे. महाराष्ट्राने 1988 साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, देशाने 1994 साली. तरी आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 2001 साली 884 होत्या, 2011 साली 852 राहिल्या. हा जनगणनेचा आकडा आहे.

आणि या सगळ्यात राबतं कोण? शेणघाण बाईची, चारा बाईचा, पहाटेची धार पुष्कळदा बाईची. किटली डेअरीवर जाते मालकाच्या गाडीला अडकवून, आणि दुधाचा पगार जमा होतो त्याच्याच नावावर. आपल्या बायका तर बहुतेक दुसऱ्याच्या गोठ्यात रोजाने. घरी असते ती बकरी. तिथे उलट, बोकडाला किंमत. बाई त्याला पाल्यावर वाढवते, आणि बाजारात दावं धरून उभा असतो नवरा. गाय आटली की भाकड, बाईला मूल झालं नाही की वांझ. शब्द दोन, नजर एकच.

कोसलचा राजा प्रसेनजित आठवा. संयुत्त निकायात त्याच्या दोन गोष्टी आहेत. एकीत त्याने यज्ञासाठी 500 बैल, 500 गोऱ्हे, 500 कालवडी, 500 बकऱ्या आणि 500 मेंढे खांबाला बांधले, आणि दास-नोकर शिक्षेच्या धाकाने रडत रडत तयारी करत होते. दुसरीत राणी मल्लिकेला मुलगी झाली म्हणून तो खिन्न झाला. भगवंतांनी त्याला सांगितलं की मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते. जातकाच्या अट्ठकथेत येतं की राजाला यज्ञापासून वळवून भगवंतांकडे न्यायला लावलं ते मल्लिकेनेच. ती माळ्याची मुलगी होती. जनावरं सुटली.

बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मेलेलं जनावर ओढणं आणि खाणं सोडायला सांगितलं, तेव्हा घराघरात ते पाळलं गेलं ते चुलीपाशी. मांस शिजवायचं नाही हे बायकांनी ठरवलं, म्हणून ते बंद झालं. जनावराशी आपला संबंध काय असावा, हे ठरवण्यात आपल्या बायका नव्या नाहीत.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवतो. ज्या घरी गाय आहे तिथे डेअरीचं खातं आणि सभासदत्व बाईच्या नावावर करून घ्या. त्यासाठी अर्ज लिहायला मी रविवारी विहारात बसतो. आणि गोऱ्हा झाला तर निदान दोन महिने त्याचं दूध त्याला द्या. दहा दिवसांच्या पगारात त्याने काही रुपये कमी येतील, हे मला ठाऊक आहे.