शेख महंमदांना वाचणार कोण?

रमजान आला की गावोगाव इफ्तारचे कार्यक्रम होतात आणि भाषणांत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव हमखास निघते. मुसलमान घरात जन्मलेला हा संत मराठीत लिहीत होता, वारकऱ्यांनी त्याला आपला मानला, एवढे सांगून वक्ते खजुराकडे वळतात. सांगितलेले खरेच असते. पण हा माणूस मुळात कवी होता, आणि त्याची कविता त्या मांडवात किती जणांनी उघडून पाहिलेली असते?

सतराव्या शतकातला त्यांचा मोठा ग्रंथ म्हणजे ‘योगसंग्राम’. नावातच लढाई आहे, मात्र ती शेजाऱ्याशी नाही, स्वतःच्या मनाशी आणि अहंकाराशी आहे. रोजेदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दिवसभर पाणी समोर असून ओठाला न लावणे जमते; दुकानात खोटे न बोलणे, घरात आवाज न चढवणे, कुणाची निंदा तोंडाशी आलेली गिळणे हे पाण्याहून अवघड जाते. मौलवीसाहेब त्याला नफ्सशी झुंज म्हणतात. शेख महंमदांनी तीच झुंज योगमार्गाच्या शब्दांत, ओवीत मांडली. ढोंगी गुरूंना त्यांनी सोडले नाही आणि ढोंगी फकिरांनाही नाही.

त्यांनी स्वतःला ‘अविंध’ म्हटले आहे. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. मुसलमानांसाठी इतरांनी वापरायचा तो शब्द. तो त्यांनी उचलून आपल्या नावापुढे लावला आणि भक्तीची वाट धरली. एवढ्या एका शब्दाशी थोडे थांबले तरी त्या माणसाची ताकद कळते.

सगळाच ग्रंथ रसाळ आहे, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. परिभाषा जागोजाग अडवते, मराठी जुनी आहे. वा. सी. बेंद्रे यांनी तो संपादित केला, रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहून वाट सोपी केली. तरी वाचक तिकडे फारसे फिरकले नाहीत. वाद मात्र झाले. श्रीगोंद्यातले त्यांचे स्थान समाधिमंदिर की दर्गा, यावरून अलीकडे गाव तापले. दोन्ही बाजूंना बाबा हवे आहेत. त्यांच्या ओव्यांवर हक्क सांगायला कुणी पुढे येत नाही. त्या ओव्या आधी आपलाच अहंकार तपासायला लावतात, म्हणून असेल कदाचित.

असरची नमाज आणि मगरिबची अजान यांच्यामधला वेळ लांबतो. फळे चिरून झालेली असतात, भजी तळायची असतात, पोरे मोबाइलवर बोट फिरवत घड्याळ बघतात. त्या अर्ध्या तासात एखाद्या घरात ‘योगसंग्राम’चे एक पान मोठ्याने वाचता येईल. पोरे अडखळतील, हसतील. एखादा शब्द कुणालाच उमगणार नाही. तो शेजारच्या वारकरी आजींना विचारावा, त्यांच्या कानावरून तो गेलेला असण्याचा संभव बराच. इफ्तारीचे ताट द्यायला त्यांच्याकडे कुणीतरी जाणारच असते.